शक्यता नाकारता येत नाही

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी किल्लीबाईंनी रुग्णालयाचा डेटाबेस बंद केला. त्याआधी अपघात विभाग, प्रयोगशाळा आणि औषधांची खिडकी या तिन्ही ठिकाणी फोन करून त्यांनी सांगितलं होतं की साडेआठपर्यंत सगळं कागदावर चालवा. औषधांच्या खिडकीवरचा माणूस झोपेतच होता. "म्हणजे हाताने लिहावं लागणार?" त्याने विचारलं. "हात असतील तर," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

किल्लीबाई हे त्यांचं नाव नव्हे. सर्व्हर रूमची किल्ली त्यांच्या ओळखपत्राच्या दोरीलाच अडकवलेली असते, म्हणून लोक तसं म्हणतात. खोली तळघरात, क्ष-किरण विभागाच्या मागे आहे. तिला खिडकी नाही. आत बारमाही थंडी असते, त्यामुळे दारामागच्या खिळ्यावर कोपरांना विरलेलं एक करडं स्वेटर कायम लटकलेलं असतं. बाई नोकरीला लागल्या त्या नाव-नोंदणीच्या खिडकीवर, टायपिंगच्या परीक्षेच्या जोरावर. पहिला डेटाबेस बसवायला आलेल्या माणसाशेजारी बसून त्या काम बघत राहिल्या, विचारत राहिल्या. तो माणूस दुसरीकडे गेला आणि किल्ली यांच्याकडे राहिली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. पुढे त्यांनी रीतसर परीक्षाही दिल्या, पण त्याची चौकशी कोणी कधी केली नाही.

हा डेटाबेस म्हणजे रुग्णालयाची स्मरणशक्ती. कोणाचा रक्तगट काय, कोणाला कुठलं औषध चालत नाही, मागच्या वेळी साखर किती होती, सगळं त्यात. तो बंद पडला म्हणून रुग्णालय बंद पडत नाही. मात्र समोर आलेल्या प्रत्येक माणसाला नव्याने ओळखावं लागतं, आणि काही माणसं शुद्धीवर नसतात.

त्या रविवारी त्याचं सॉफ्टवेअर अपग्रेड करायचं होतं. जुन्या आवृत्तीला कंपनीने पाठिंबा देणं थांबवलं होतं. बाईंची अशा कामाची एक रीत आहे: खऱ्या सर्व्हरला हात लावण्याआधी शेजारच्या सुट्या मशीनवर पूर्ण रंगीत तालीम करायची. तशी त्यांनी केली होती, तीही दोनदा. दोन्ही वेळा काही अडलं नव्हतं.

सातच्या सुमारास दारावर टकटक झाली. वायरमन मामा. रुग्णालयात त्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. ते ठेकेदाराच्या पगारावर आहेत, पण इमारतीतली कुठली तार कुठून कुठे जाते हे बहुधा त्यांनाच विचारलं जातं. उजवा गुडघा गेलेला. त्यामुळे ठेकेदाराला विनवून त्यांनी हे काम मागून घेतलं होतं. इथे चढायचं ते फार तर शिडीवर, नाहीतर ठेकेदाराची बाकीची माणसं बांधकामाच्या परांचीवर असतात. आज त्यांना सर्व्हर रूममधल्या यूपीएसची, म्हणजे वीज गेली तर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यंत्राची, बॅटरी बदलायची होती.

"ताई, ऑपरेशन चालू आहे म्हणे?"

"भूल दिलीय. आवाज करू नका."

"मग बॅटरी बदलू की नको? पेशंट टेबलावर आहे."

"बदला. पण भिंतीवरची लाइन चालू राहील ना?"

"राहील. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही बॅटरी मेली नाही. माझ्याकडे येतात त्या मेलेल्याच असतात."

यूपीएस बाजूला करून त्यांनी मशीन थेट भिंतीवरच्या लाइनवर घेतलं. त्या क्षणी वरची ट्यूबलाइट एकदा मिटली आणि पुन्हा लागली. बाईंनी वर पाहिलं नाही. स्क्रीनवर अपग्रेडची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि त्यांची नजर तिच्यावर होती. स्क्रीन मिटला नव्हता. मिटला असता तर त्यांना दिसलं असतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

साडेसात वाजायच्या आत मामांची बॅटरी बसली आणि बाईंचं अपग्रेडही पूर्ण झालं. तसा संदेश आला. त्यांनी डेटाबेस सुरू केला. तो सुरू झाला आणि चार सेकंदांत बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद.

अशा वेळी बघायची जागा एकच. सर्व्हर आपण काय केलं, कुठे अडलो ते एका फाइलमध्ये ओळीओळीने लिहून ठेवतो, तिला लॉग म्हणतात. बाईंनी लॉग उघडला. शेवटची ओळ सकाळी सहा दहाची होती: बंद करण्याची सूचना मिळाली. त्यानंतर कोरं. सुरू करायचा प्रयत्न दोनदा झाला होता आणि लॉगमध्ये त्याची खूणही नव्हती. चूक झाली तर सर्व्हर बोलतो. अजिबात बोलत नाही तेव्हा त्याला बोलायला सवडच मिळाली नाही असा अर्थ निघतो. म्हणजे डिस्क, नाहीतर वीज.

त्याच वेळी प्रयोगशाळेतून फोन आला. फोनवर तंत्रज्ञ मुलगी होती. चांगली नोकरदार तिशीतली बाई, पण तळघरात तिला सगळे मुलगीच म्हणतात. "बाई, अपघात विभागातून एक आजोबा आलेत. मागे इथेच रक्त दिलं होतं म्हणतात घरचे, तेव्हा काहीतरी त्रास झाला होता. काय त्रास ते कोणालाच आठवत नाही. जुनी नोंद दिसेल का?"

"थोडा वेळ दे."

"माझ्याकडे आहे वेळ. आजोबांना विचारून सांगते."

बाईंनी फोन ठेवला. कालचा बॅकअप होता, तो परत चढवता आला असता, पण त्यात दुपार झाली असती.

मुलीने अधीक्षकांनाही फोन केला असावा. ते आवारातल्याच बंगल्यात राहतात. पाच मिनिटांत पायात पळायचे बूट, गळ्यात टॉवेल अशा अवतारात ते दारात उभे राहिले. हा गृहस्थ वाईट नाही. फक्त कुठल्याही गोंधळात आधी माणूस सापडला पाहिजे, कारण नंतर सापडलं तरी चालेल, अशी त्यांची कामाची पद्धत आहे.

"काय झालं?"

"अपग्रेड झालं, पण सुरू होत नाहीये."

त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. मामा जमिनीवर बसून जुनी बॅटरी पुठ्ठ्यात बांधत होते.

"हे काय चाललंय?"

"बॅटरी, साहेब. बदलली."

"आत्ता? हे काम चालू असताना? दिवे गेले होते का?"

"ट्यूब एकदा मिचकली. यूपीएस काढताना मिचकतेच."

अधीक्षक बाईंकडे वळले. "यामुळे झालं असेल का?"

बाईंनी उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते त्यांना आता सांगता येत नाही. शब्द मात्र नेमके आठवतात, कारण ते त्यांचे नव्हतेच. कार्यालयातून वर पाठवायच्या प्रत्येक अहवालात ते वाक्य असतं.

"शक्यता नाकारता येत नाही," त्या म्हणाल्या.

यात खोटं काही नव्हतं. त्या क्षणी त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. पण स्क्रीन मिटला नव्हता हे ठाऊक होतं, आणि ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

"तुम्हाला आजचाच मुहूर्त कोणी सांगितला?" अधीक्षकांनी मामांना विचारलं.

"तुम्हीच, साहेब. बुधवारी. म्हणालात रविवारी उरका, गर्दी नसते."

"मी बदला म्हटलं होतं. पाडा म्हटलं नव्हतं."

मामा हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. अधीक्षकांनी तिथेच उभ्या उभ्या ठेकेदाराला फोन लावला आणि हा माणूस उद्यापासून नको, दुसरा पाठवा, असं सांगितलं. ठेकेदार पलीकडून काहीतरी विचारत होता. "सर्व्हर पाडला," अधीक्षक म्हणाले. "हो, आमच्या बाई स्वतः सांगतायत." मग विभागप्रमुखांच्या ग्रुपवर त्यांनी संदेश टाकला: विजेच्या कामातील हलगर्जीपणामुळे सर्व्हर बंद, दुरुस्ती सुरू, संबंधितावर कारवाई केली आहे.

मामांनी पुठ्ठ्याला शेवटची गाठ मारली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पिशवी घेऊन निघाले. जाताना "येतो ताई" म्हणाले. रोज म्हणतात तसंच.

अधीक्षकही गेल्यावर बाईंनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. अपग्रेडबरोबर आलेली टिपणं उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर साध्या वाक्यात लिहिलं होतं की या आवृत्तीपासून लॉगची जागा बदलली आहे. म्हणजे त्या इतका वेळ जुन्या घराचं दार वाजवत बसल्या होत्या. सर्व्हर कधीच नव्या घरात गेला होता आणि तिथे घसा कोरडा होईपर्यंत बोलत होता.

नव्या जागेचा लॉग उघडला. सुरू करायच्या प्रत्येक प्रयत्नाखाली तीच ओळ होती: सेटिंगच्या फाइलमधली अमुक ओळ मला समजत नाही, म्हणून मी थांबतो.

ती ओळ बाईंनीच लिहिलेली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी नाव-नोंदणीच्या खिडकीवर रांग दारापर्यंत जायची, कारण एक नाव शोधायला मशीनला घटकाभर वेळ लागायचा. बाईंनी तेव्हा एक सोय चालू केली होती: एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सर्व्हरने लक्षात ठेवायचं, पुन्हा तोच प्रश्न आला की तेच उत्तर द्यायचं. रांग हलायला लागली. त्या वर्षी त्यांना उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मिळालं, ते घरी टीव्हीच्या वर भिंतीवर आहे. त्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी टीप लिहून ठेवली होती: हात लावू नये. नव्या आवृत्तीने ती सोयच काढून टाकली होती. आणि सोयच नाही म्हटल्यावर ओळ वाचून सर्व्हर अडून बसत होता.

तालमीत हे का दिसलं नाही? सुटं मशीन लहान, त्याची मेमरी कमी. तिथे या ओळीची गरज नव्हती, म्हणून बाईंनी ती तिथे कधी लिहिलीच नव्हती. त्यांनी तालीम अगदी चोख केली होती, फक्त दुसऱ्याच नाटकाची.

ओळीच्या आधी एक खूण टाकली की सर्व्हर ती ओळ वाचत नाही. बाईंनी ती खूण टाकली आणि सर्व्हर सुरू केला. चार सेकंद गेले, मग दहा, मग मिनिट. लॉगमध्ये ओळ आली: जोडणीसाठी तयार. घड्याळात आठ वाजून गेले होते. साडेआठ अजून लांब होते.

त्यांनी आधी प्रयोगशाळेला फोन केला. मुलीने आजोबांची जुनी नोंद काढली, वाचली आणि डॉक्टरांकडे पळाली. काही विपरीत झालेलं नव्हतं. नुकसान मोजायचं तर तिथे शून्य होतं.

मग अधीक्षक आले. आता अंघोळ झालेली होती. स्क्रीनवर रुग्णांची नावं सरकताना पाहून त्यांनी मान डोलावली. "बघा, माणूस बाजूला केला आणि मशीन सुरू झालं. शाबास. तुम्ही होतात म्हणून."

इथे बाईंना बोलता आलं असतं. खोलीत दोघंच होते, दार लोटलेलं होतं, वाक्य लहान होतं. गप्प राहून त्यांना काही मिळणार होतं असंही नाही. बढती नव्हती, बदली नव्हती. गप्प राहणं सोपं होतं, इतकंच. त्या मूग गिळून बसल्या आणि अधीक्षक गेल्यावर स्वेटर खिळ्याला लावायला उठल्या. यूपीएसच्या मागे जमिनीवर मामांचा टेस्टर पडलेला होता. पिवळी मूठ, तिला दातांच्या खुणा. शिडीवर दोन्ही हात लागतात तेव्हा मामा तो तोंडात धरतात. बाईंनी तो उचलून पर्समध्ये टाकला. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

घरी पोचल्या तेव्हा नवरा वर्तमानपत्र पसरून बसला होता. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून त्याचं आयुष्य गेलं आहे. त्यांची मुलगी म्हणते, बाबांचा पाय जेवतानासुद्धा ब्रेकवर असतो.

"झालं का मशीन बरं?" मुलीने विचारलं.

"झालं."

"मग तुझं तोंड का असं? तू बरी नाहीस का?"

"तू तुझं ताट वाढून घे."

जेवणं झाल्यावर, मुलगी आत गेल्यावर, बाईंनी नवऱ्याला सांगितलं. सगळं, वाक्यासकट. तो ऐकत राहिला.

"मग सांगून टाकायचं होतंस."

"तेच तर."

"सोमवारी सांग. रविवारी कोण ऐकतंय." मग थोड्या वेळाने, "गाडी बंद पडली की शिकणारा आधी रस्त्याला शिव्या घालतो. मग गाडीला. मग मला. स्वतःचा पाय क्लचवरून सुटला हे तो घरी गेल्यावर बायकोला सांगतो."

"मी तुला सांगितलं ना आत्ता."

"हो. पण मी काही त्या गाडीत नव्हतो."

त्याने वर्तमानपत्र परत उघडलं. बाई भांडी घासायला गेल्या, अर्धी घासून हात पुसले आणि पर्स उचलली. मामांच्या घराचा पत्ता त्यांना माहीत होता. एकदा बाईंच्या घरचा गिझर दुरुस्त करायला ते आले होते आणि कधी लागलं तर, म्हणून सांगून गेले होते.

मामा तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. त्या गुडघ्याला हा जिना दिवसातून किती वेळा चढावा लागत असेल, हे चढताना बाईंच्या मनात आलं आणि त्यांनी पुढचा विचार केला नाही. दार उघडंच होतं. मामा बैठकीत फरशीवर कोणाचा तरी टेबलफॅन उघडून बसले होते. बायको शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती.

"अरे, ताई. या या. बघ गं, कोण आलंय. आमच्या मशीनच्या डॉक्टर."

"टेस्टर राहिला होता तुमचा."

"बघा. म्हणजे मी हत्यारही जागेवर टाकून पळालो. पुरावा पक्का झाला."

बायकोने यंत्र थांबवलं. "तुम्ही आलात ते बरं झालं, बाई. तुम्ही तरी सांगा त्या साहेबांना. ठेकेदाराचा फोन आला होता मघाशी. उद्यापासून नव्या इमारतीवर जा म्हणतो, परांचीवर. या पायाने? चोर सोडून संन्याशाला फाशी. मी यांना म्हटलं, तुम्ही काही बोलला का नाहीत? तर म्हणे, ताई होत्या तिथे, त्या बघतील."

"तू पाणी ठेव ना चहाला," मामा म्हणाले.

बायको आत गेली. ओटा तिथूनच दिसत होता, त्यामुळे आत म्हणजे सहा पावलं. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मामा, बॅटरीने काही झालं नव्हतं. माझी एक जुनी ओळ होती सेटिंगमध्ये. नव्या आवृत्तीला ती चालत नव्हती. मी तपासलं नव्हतं. चूक माझी होती."

मामांनी पंख्याच्या पात्यावरून फडकं फिरवलं. "बरं."

"मला तुम्हाला सांगायचं होतं."

"मला सांगून काय उपयोग, ताई? मला तर ठाऊकच होतं की मी काही केलं नाही."

आपण कबुली द्यायला आलो आणि ती देऊन झाली असं बाईंना जिन्यात वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांनी या घरात एकही नवीन बातमी आणलेली नव्हती.

"कधी कळलं तुम्हाला?" मामांनी विचारलं. तक्रारीचा सूर नव्हता. फ्यूज कधी उडाला असं विचारावं तसं.

"आठ वाजता."

"मी साडेआठपर्यंत गेटसमोर होतो. वॉचमनशी गप्पा मारत. म्हटलं, ताई हाक मारतील."

ओट्यावर कपबशा मांडल्याचा आवाज झाला. बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने चहा आणला, बाईंच्या हातात दिला आणि परत यंत्रावर बसली. पण यंत्र चालवलं नाही. "साखर बघा," एवढंच म्हणाली. चहा चांगला होता. तो सगळा पिऊन संपवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं, असं बाई नंतर नवऱ्याला म्हणाल्या.

त्यांनी जिन्यात उभं राहून अधीक्षकांना फोन केला. वरच्या पायरीवर, दाराजवळ. आवाज आत जावा एवढ्या जवळ.

"साहेब, सकाळचं कारण चुकीचं होतं. बॅटरीचा संबंध नाही. चूक माझी आहे."

"कसली चूक? सर्व्हर पुन्हा पडला का?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

त्यांनी समजावून सांगितलं. अधीक्षक मध्येच म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना सकाळी?"

"मी म्हणाले, शक्यता नाकारता येत नाही."

"तेच ते."

"तेच ते नाही, साहेब. तेव्हा नाकारता येत होती. स्क्रीन एकदाही मिटला नव्हता. मी बघत होते."

"हे बघा," अधीक्षक म्हणाले, "वेळेत सुरू झालं. कोणाला काही झालं नाही. मी ग्रुपवर कळवून मोकळा झालो. आता परत लिहायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्या माणसाला काय, ठेकेदार दुसरीकडे काम देईलच."

"परांचीवर देतोय. त्यांचा गुडघा गेलाय."

"मला काय माहीत त्याचा गुडघा?"

"मला माहीत होता," बाई म्हणाल्या.

अधीक्षक म्हणाले, उद्या बोलू. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी बॅटरीची चाचणी आहे. हे खरं होतं. नवी बॅटरी बसवली की चोवीस तासांनी तिच्यावर भार टाकून बघतात, आणि ज्याने बसवली त्यानेच ती बघायची, नाहीतर बॅटरीवाली कंपनी हमी मानत नाही. तशी अट बॅटरीच्या खोक्यावरच छापलेली असते. कोणी वाचत नाही. बाईंनी सकाळच्या अनुभवानंतर वाचली होती.

"बरं, चाचणीपुरता येऊ दे," अधीक्षक म्हणाले. "पुढचं ठेकेदाराशी बोलून बघतो. वचन देत नाही."

"ग्रुपवर मी लिहू की तुम्ही?"

"तुम्हाला लिहायचंच आहे का?"

"हो."

"मग लिहा. माझं नाव नको त्यात."

तिथेच, भिंतीला टेकून, त्यांनी लिहिलं. तीनदा खोडलं. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक कारणामुळे' आलं होतं, दुसऱ्यात 'नजरचुकीने'. शेवटी गेला तो असा: सकाळी सर्व्हर सुरू न होण्याचं कारण माझ्या सेटिंगमधली चूक होती. विजेच्या कामाचा त्याच्याशी संबंध नव्हता. हे मला आठ वाजता कळलं आणि मी तेव्हा सांगितलं नाही.

त्या परत दारात गेल्या. मामांनी पंखा जोडला होता आणि बटण दाबून बघत होते. पातं फिरलं.

"उद्या साडेसातला चाचणी आहे. साहेब म्हणाले, तेवढ्यापुरतं या. पुढचं बोलतो म्हणाले. नक्की नाही."

"येतो," मामा म्हणाले. "बॅटरीने काय पाप केलंय."

बायकोने यंत्राचं चाक हाताने एकदा फिरवलं. "आणि नंतर? चाचणी झाली की?"

बाई म्हणाल्या, माहीत नाही. हे त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी सरळ म्हटलं.

संध्याकाळपर्यंत त्यांचा संदेश ग्रुपमधल्या बहुतेकांनी पाहिला. दोघांनी अंगठा टाकला, कशाला ते कळलं नाही. उत्तर कोणी दिलं नाही. दिवे लागायच्या वेळेला प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला; आजोबांना रक्त चढलं, त्रास झाला नाही, हे कळवायला. ती विभागप्रमुख नाही, त्यामुळे तो ग्रुप तिच्याकडे नाही.

"आणि बाई, बरं झालं त्या वायरमनला घालवला ते. सगळीकडे तेच चाललंय. अपघातात, खिडकीवर, कँटीनमध्ये. केवढ्याला पडलं असतं."

"त्याने नाही पाडला. मी पाडला."

"काहीतरीच. तुम्ही उगाच अंगावर घेताय."

बाईंनी पुन्हा सांगितलं. मुलगी ऐकून घेत होती, पण विश्वास ठेवत नव्हती, हे तिच्या "हो हो" वरून कळत होतं. वायरमनने सर्व्हर पाडला ही गोष्ट सकाळी दहाच्या आत सगळ्या मजल्यांवर पोचली होती. ती चुकीची होती ही गोष्ट एका ग्रुपमध्ये बसून होती आणि तिला जिना चढता येत नव्हता. उद्या अपघात विभागात, प्रयोगशाळेत आणि खिडकीवर स्वतः जाऊन सांगावं लागणार, हे बाईंच्या लक्षात आलं. कँटीनचं त्यांना आणखी थोड्या वेळाने सुचलं.

नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. अजून सांगायचंय."

त्याने अर्धी राहिलेली भांडी घासून ठेवली होती. टीव्हीच्या वरच्या प्रमाणपत्राकडे बाईंनी पाहिलं, पण उतरवलं नाही. उतरवलं असतं तर मुलीने कारण विचारलं असतं, आणि भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला असता.

उद्या सोमवार. ओपीडी आठ वाजता उघडते. त्याआधी साडेसातला सर्व्हर रूममध्ये नव्या बॅटरीची चाचणी आहे: किल्लीबाई दार उघडतील, मामा भिंतीवरची लाइन बंद करतील, आणि पंधरा मिनिटं सर्व्हर फक्त त्यांनी बसवलेल्या बॅटरीवर चालेल.